कोपरापर्यंतचं पाणी

११ फेब्रुवारी

तीन नंबरचा खड्डा आमचा झाला. निदान या मोसमापुरता.

कौलांच्या कारखान्याने चाळीस वर्षं जिथून माती काढली, तिथे आता पाणी साचलं आहे. कारखाना बंद पडल्यावर कामगारांच्या संस्थेने असे पाच खड्डे मासे वाढवायला द्यायचं ठरवलं. अट अशी, की खड्डा जुन्या कामगाराच्या नावावर, आणि राबणारी माणसं घरचीच, धडधाकट. मोसम चांगला गेला तर पुढची दहा वर्षं खड्डा त्या घराकडे. नाही तर दुसऱ्या कोणाला.

बाबांनी कागदावर सही केली. मुकादमांनी बोट ठेवून जागा दाखवली, "इथं कर, ओळंब्या." मुकादम आता संस्थेचे प्रमुख आहेत, पण त्यांना हाक अजून तीच पडते. आणि बाबांना सगळे ओळंबा म्हणतात. तीस वर्षं वेल्डिंग केलं त्यांनी. लोखंडी तुळई चढवली की खाली उभे राहून, एक डोळा मिटून सांगायचे, "डावीकडे दोन सूत." मग कोणी तरी खरा ओळंबा सोडून बघायचं, तर बरोबर दोन सूत निघायचं.

सही जरा ओळीबाहेर गेली. मुकादमांनी लगेच कागदाची घडी घातली. मला म्हणाले, "काय ग्रॅज्युएट, मासे पुस्तकातलं ऐकतात का?" यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते कळलं नाही.

मला शहरातल्या मत्स्यबीज केंद्रात जागा मिळत होती. मी गेले नाही. घरात पहिली पदवी माझी. ती घेऊन मीच निघून गेले तर घराला तिचा उपयोग काय? आणि बाबा. कारखाना सुटल्यापासून दिवसभर पलंगावर बसून असतात. पेपर आला तरी उघडत नाहीत. एवढा कामाचा माणूस कामावाचून खंगतोय, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

खड्ड्याची नोंदवही वेगळी केली आहे. त्या वहीत पाणी, या वहीत मी.

१९ फेब्रुवारी

चुना मारून झाला. आता शेणाचे ढीग चारी कोपऱ्यांत, अर्धे पाण्याखाली. आई दवाखान्यातल्या धुलाईच्या कामावरून येता येता थांबली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "चार वर्षं कॉलेजात घातलीस ती यासाठी?"

"आई, शेण माशांसाठी नाही, पाण्यासाठी. पाणी हिरवं झालं की त्यात बारीक जीव वाढतात, ते मासे खातात. निम्मं जेवण पाणीच शिजवून घालतं."

"मग मलाही एक खड्डा दे. स्वयंपाकातून सुटेन."

बाबा खूप हसले. कित्येक महिन्यांनी.

३ मार्च

पाण्यावर पोपटी झाक आली. आज बाबांना कोपराची परीक्षा शिकवली. महागडं उपकरण नको, काही नको. भर उन्हात, दुपारी बाराच्या सुमारास, ऊन पाठीवर घेऊन काठाच्या फळीवर पालथं पडायचं. हात सरळ पाण्यात सोडायचा, तळवा आडवा धरायचा आणि हळूहळू खाली न्यायचा. तळवा दिसेनासा झाला की थांबायचं आणि पाणी हाताला कुठवर आलं ते बघायचं. कोपरापर्यंत आलं असेल तर पाणी उत्तम, नेहमीचं खत चालू. कोपर बुडूनही तळवा दिसत असेल तर पाणी उपाशी, खत वाढवायचं. आणि मनगटालाच तळवा दिसेनासा झाला तर पाणी गच्च झालं. खत ताबडतोब बंद, नाही तर एखाद्या पहाटे मासे गुदमरतात.

हे काम बाबांचं. दुपारी मी संस्थेच्या कार्यालयात बाकीच्या चार खड्ड्यांच्या वह्या लिहीत असते, तेव्हा मला जमणार नाही. पण खरं कारण ते नाही. डोळ्याने मापायचं काम ओळंब्याखेरीज कोणाला द्यायचं?

मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुसरं काही दे ना. शेण कालवतो, पोती उचलतो."

"ते कोणीही करेल, बाबा."

"बरं," म्हणाले.

९ मार्च

बीज आलं! चंदेरी कार्प वरच्या थरात चरेल, सायप्रिनस तळाशी, गवत्याला बांबूच्या चौकटीत गवत टाकायचं, आणि तिलापिया सगळीकडे. एकाच पाण्यात चौघांचं चार ठिकाणी ताट. हे पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, माणसांना का जमू नये?

तिलापियाची गोष्ट तेवढी वेगळी. त्यातल्या माद्या काढून फक्त नर सोडायचे, नाही तर दोन महिन्यांत पिल्लांवर पिल्लं होतात आणि सगळं खाद्य तीच फस्त करतात. म्हणून प्रत्येक बोटभर मासा उलटा धरून, पोटाखाली शाईचं बोट लावून बघायचं. मादीच्या पोटाखाली शाईची एक आडवी रेघ उठते. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. आई आणि मी एका टोपलीला बसलो, बाबा दुसऱ्या. आमचे शंभर होईतो बाबांचे दोनशे झाले. शाई लावतात न लावतात तोच मासा इकडे किंवा तिकडे.

"अहो, बघताय की नुसते फेकताय?" आईने विचारलं.

"हाताला कळतं. नर जड लागतो."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघ, याला म्हणतात अनुभव."

१२ मार्च

आजची नोंद बाबांनी सांगितली: मनगट.

मनगट? अजून पाण्यात दम नाही आणि मनगट?

१४ मार्च

पुन्हा मनगट. तीन दिवस मनगट, तीन दिवस खत बंद. आज कार्यालयातून मधेच उठून मी स्वतः गेले. हात घातला. कोपर बुडून वर चार बोटं पाणी आलं, तरी माझा तळवा लख्ख दिसत होता. पाणी उपाशी आहे.

संतापाने माझं डोकं फिरलं. मुकादम आणि शेजारच्या खड्ड्यावरचे दोघे तिथेच बिडी ओढत उभे होते. त्यांच्यासमोरच मी बोलले, "बाबा, खताची पोती उचलायचा कंटाळा असेल तर तसं सांगा. खोटी मापं कशाला सांगता? मासे तुमच्या मापावर जगणार आहेत."

शेजारचा हसून म्हणाला, "ओळंबा वाकला काय रे?"

बाबाही हसले. फळीवरून उठताना त्यांचा हात आधार शोधत नुसताच हवेत फिरला, मग मुकादमांनी तो धरला. मुकादम हसले नाहीत. "उन्हानं डोळे दिपतात माणसाचे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "साधारण किती यायला पाहिजे गं ते माप?"

"कोपर."

"बरं."

१५ मार्च

रात्रभर मला लाज वाटत होती. ज्या माणसाने रात्रपाळ्या करून माझी फी भरली, त्याला मी चारचौघांत खोटारडा म्हटलं. शिकले म्हणजे हेच शिकले का? आज ठरवलं: बाबांचं माप पुन्हा कधीही तपासायचं नाही. भागीदार म्हटलं की विश्वास ठेवायचा. ही प्रतिज्ञा इथे लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही.

आजची नोंद: कोपर.

१७ मार्च

खत पुन्हा चालू आहे. कालही कोपर, आजही कोपर. मी म्हटलं, "आता शिकलात, बाबा." त्यांनी मान डोलावली.

२ एप्रिल

सगळं इतकं छान चाललं आहे की लिहायला सवड नाही. कोंडा आणि पेंड रात्रभर भिजवायची, सकाळी गोळे करून भोकाच्या पोत्यांत भरायची, पोती बांबूला लटकवायची. मासे खालून ढुसण्या मारून खातात. त्याच जागी, त्याच वेळी; चार दिवसांत त्यांना घड्याळ कळतं. तळाशी दोरीला एक ताट सोडलं आहे. दोन तासांनी ते वर ओढायचं. खाद्य उरलं असेल तर उद्या कमी, ताट साफ असेल तर थोडं जास्त. हे बाबा अगदी सुरेख करतात. ताटावरून तळवा फिरवून सांगतात, "मूठभर उरलंय, डाव्या बाजूला." बघतसुद्धा नाहीत.

घरी मात्र स्वारीचं लक्ष नसतं. काल अर्धं उघडं दार कपाळाला लागून टेंगूळ आलं. आईवर ओरडले, "दार एक तर उघडं ठेव, नाही तर बंद ठेव." आई उलटून बोलली नाही. एरवी सोडते का ती? तेव्हापासून घरातलं प्रत्येक दार सताड उघडं. पाण्याचा तांब्या, चपला, रेडिओ, सगळं एकेका जागी, बोटभर हललं तरी माझ्यावर खेकसते. वय वाढलं की माणसं अशीच हट्टी होतात, दुसरं काय.

२० एप्रिल

मुकादम कार्यालयात येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "ओळंब्याला झेपतंय ना?"

"का? सगळ्यांत नेटकी वही आमची आहे."

"वहीचं नाही म्हणत मी. दुपारच्या उन्हात त्याला एकट्याला काठावर पाठवू नकोस."

"मुकादम, तुम्ही त्यांना कारखान्यातून वर्षभर आधी घरी बसवलंत. आता इथूनही उठवायचंय का?"

काही तरी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "बरं बाई, तू ग्रॅज्युएट," म्हणाले आणि उठून गेले.

मला वाटतं, पाच नंबरचा खड्डा त्यांच्या मेव्हण्याचा आहे, आणि आमचं पीक चांगलं दिसतंय, हे त्यांना सलत असावं.

८ मे

काठाशी, उथळ पाण्यात, मोहरीएवढी पिल्लं. एक ठिपका नव्हे, ढगच्या ढग. तिलापियाची.

म्हणजे माद्या गेल्या आत. थोड्याथोडक्या नव्हेत.

मी तडक बीजवाल्याकडे गेले. तो आपल्या टाक्या घासत होता. म्हणाला, "ताई, मी मिसळ बीज देतो आणि तसं सांगूनच देतो. निवड तुमच्या घरी झाली ना?"

"निवड माझ्या वडिलांनी केली आहे. त्यांची नजर साऱ्या कारखान्याला माहीत आहे. निवड झाल्यावर तूट भरायला म्हणून तुम्ही जे पन्नास-शंभर वर टाकलेत, त्यात माद्या होत्या. सरळ सांगा ना, चोरी केली म्हणून."

त्याची दोन गिऱ्हाइकं तिथे उभी होती. तो फक्त एवढंच म्हणाला, "नजर माहीत आहे म्हणताय, तर बरं आहे."

घरी येऊन मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. बाबांनी ताट अर्ध्यावर सारलं. वाटलं, मुलीने त्यांची बाजू घेतली म्हणून भरून आलं असेल.

२६ मे

जाळं टाकून नमुना काढला. चंदेरी कार्प वीतभर झाले आहेत, काय चमक! गवत्या तर दीड वीत. तिलापिया लहान राहिले, पिल्लांनी त्यांचा घास पळवला. तरी काही बिघडलं नाही, कार्प मोसम तारून नेतील. आणखी सात-आठ आठवडे.

नोंदवही चाळली. १५ मार्चपासून एकही दिवस चुकलेला नाही. कोपर, कोपर, कोपर. मी बाबांना म्हटलं, "तुमच्या मापाएवढं एकसारखं माप पुस्तकातसुद्धा नसतं." ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. हल्ली त्यांचं कौतुक केलं की ते उठून जातात.

४ जून

पाण्याचा रंग मला नीट वाटत नाही. पोपटी होतं, आता औषधाच्या बाटलीसारखं गडद झालं आहे, आणि सकाळी कोपऱ्यात साय धरते. हात घालून बघावं असं तीनदा मनात आलं. फळीपर्यंत गेलेही. पण प्रतिज्ञा. आणि बाबा मागेच उभे होते, ताट ओढत. त्यांच्या पुढ्यात पुन्हा तपासायला बसू? त्या दिवशीचं ते हसणं मला आठवलं.

"आज किती, बाबा?"

"कोपर. जरा वरच म्हण."

मी लिहिलं.

१३ जून

चौथा दिवस, आभाळ गच्च आहे. ना पाऊस, ना वारा, पान हलत नाही. आज खताचा वार. अशा हवेत खत नको, हे मला ठाऊक आहे, परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. पण पाणी गच्च असेल तर, असं पुस्तकात आहे. पाणी कोपरावर आहे, नोंद समोर आहे. अर्धीच मात्रा टाकली. कोंबडखताची दोन पोती आणि बादलीभर युरिया.

१४ जून

लिहायला हवं. आज नाही लिहिलं तर मी उद्या काही तरी दुसरंच लिहीन.

उजाडताना आई हलवून उठवायला आली, "पाण्यावर सगळी तोंडं आली आहेत." धावत गेले. खड्डाभर उघडी-मिटणारी तोंडं. आवाज येत होता, हजार माणसं हळूहळू घोट घेतायत असा. पंप लावला, दूरच्या नळाचं पाणी आणलं, आईने दोन परातींनी पाणी बडवलं. आधी चंदेरी गेले. मग गवत्या. तळाचे सायप्रिनस सर्वांत शेवटी वर आले आणि काठाच्या चिखलात डोकं खुपसून मेले. तासाभरात पाणी पांढरं झालं, नुसत्या पोटांनी.

बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरून फळीने पाणी बडवत होते. सगळे थांबले तरी ते थांबेनात. त्यांच्या चारी बाजूंना मेलेले मासे, फळी त्यांच्यावरच आपटतेय, छातीला लागून एक भलाथोरला चंदेरी तरंगतोय. आणि बाबांनी वर तोंड करून, मी नव्हते त्या बाजूला बघत मला विचारलं,

"काय गं, वाचतायत का?"

मला आधी वाटलं, धक्क्याने भ्रमिष्ट झाले. मी ओरडले, "बाबा, बघा ना! बघा जरा!"

त्यांनी हात खाली नेला. एका माशाला लागला. तो त्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपला. मग शेजारचा चाचपला. मग तिसरा.

मुकादम चपला न काढता पाण्यात उतरले आणि त्यांना धरून वर घेऊन आले.

१५ जून

आईशी बोलणं झालं. शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

"कधीपासून?"

"कारखान्यातल्या शेवटच्या वर्षापासून. एक तुळई वाकडी जोडली त्यांनी. मुकादमांनी रातोरात दुसऱ्याकडून नीट करून घेतली आणि प्रकृतीचं कारण लिहून ह्यांना घरी पाठवलं. नाव राखलं त्यांचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी. खड्डा धडधाकट माणसाला मिळणार होता ना? म्हणाले, पोरीनं बाहेरची नोकरी सोडली ती माझ्यासाठी. आता मीच आडवा आलो तर ती करेल काय?"

"मी त्यांच्यासाठीच राहिले होते," मी म्हटलं.

"आणि सांगायचं काय होतं त्यात? एका घरात राहतेस. दारं उघडी का ठेवते, तांब्या हलवला तर का ओरडते, विचारलंस का कधी? तुला सगळं लिहिलेलं लागतं."

ती ओले कपडे पिळत होती. बोलताना हात थांबले नाहीत.

१६ जून

मेलेले काढून चुन्यात पुरले. जिवंत काय राहिलं? तिलापिया. त्यांना थोडी हवाही पुरते. बोटभर, अर्धं बोट, लाखांनी. निवडीच्या दिवशी आत गेलेल्या माद्यांची पोरं.

बीजवाल्याकडे जायला हवं. अजून गेले नाही.

आज मी हात पाण्यात घातला. पाणी मनगटाला पोचण्याआधीच तळवा गेला.

१९ जून

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशी आशा वाटेवर मीच आईला देत होते.

काचबिंदू आहे. डावा गेला. उजव्यात थोडं धुकट उरलं आहे, तेही फार दिवस नाही.

"आणखी काही महिने आधी आणलं असतं," डॉक्टर म्हणाले, "तर उजवा बराचसा राखता आला असता. यात गेलेलं परत येत नाही, असलेलं तेवढं धरून ठेवता येतं. उजव्याला नेमका कधीपासून जास्त त्रास आहे?"

"झाला असेल महिनाभर," बाबा म्हणाले.

खड्ड्याची नोंदवही माझ्या पिशवीत होती, संस्थेत द्यायची म्हणून घेतलेली. तिच्यात माझ्या अक्षरात तारीख आहे. १२ मार्च: मनगट. १३ मार्च: मनगट. १४ मार्च: मनगट. त्या तीन दिवसांत बाबांनी खरं तेच सांगितलं होतं. त्यांचा तळवा मनगटालाच दिसेनासा होत होता. त्यांच्या डोळ्यांची इतकी चोख नोंद डॉक्टरांकडेसुद्धा नसेल. चौथ्या दिवसापासून मी त्यांना मला हवं ते माप शिकवलं.

"नक्की आठवतं का कोणाला?" डॉक्टरांनी आमच्याकडे बघून विचारलं.

मी पिशवीची चेन ओढून बंद केली.

२८ जून

संस्थेची बैठक झाली. मुकादमांनी कोणाला बोलू दिलं नाही. "हवेमुळे मासे मेले. कोणाच्याही खड्ड्यात होऊ शकतं. नियम आहे म्हणून खड्डा परत घ्यावा लागतो, एवढंच लिहा." मी उठून खरं काय ते सांगायला लागले. ते म्हणाले, "खाली बस, ग्रॅज्युएट." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी खाली बसले.

बाहेर पडताना म्हटलं, "तुम्ही मला सांगायला आला होतात त्या दिवशी."

"आलो होतो. माझ्या येण्याचं कारण तूच ठरवून मोकळी झालीस."

खड्डा शेजारच्यांकडे जाणार. पंधरा जुलैला ताबा.

बीज केंद्राला विचारलं. ती जागा मार्चमध्येच भरली.

५ जुलै

बीजवाल्याकडे गेले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. त्याने टाकी घासायचं थांबवलं नाही. म्हणाला, "ताई, मला त्या दिवशीच कळलं होतं. तुमच्या वडिलांनी माझ्याकडून बीज मोजून घेतलं तेव्हा ते माझ्या तोंडाकडे नाही, आवाजाकडे बघत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चोर म्हणालात. चोराचं कोण ऐकतं?"

११ जुलै

खड्ड्यातलं पाणी उपसून नवं भरलं आहे, शेजाऱ्यांच्या मोसमासाठी. जाळ्यात सापडले तेवढे तिलापिया कोंबड्यांच्या खाद्यात गेले.

तरीही दुपारी बारा वाजले की बाबा उठतात. अंगात सदरा चढवतात, दारापर्यंत मोजून सात पावलं जातात आणि थांबतात. मग मी जाते. माझ्या खांद्यावर हात ठेवून काठापर्यंत येतात. आईने पहिल्या दिवशी अडवलं होतं, "कशाला जाता? आपलं काय राहिलंय तिथं?" आता अडवत नाही.

आज ऊन कडक होतं. बाबा फळीवर मांडी घालून बसले. जरा वेळाने म्हणाले, "बघ गं. घाल हात."

मी पालथी पडले. हात सोडला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंडही गेला. पाण्यात काहीच नव्हतं. हिरवं नाही, जीव नाही, काही नाही. तळवा पांढराफटक दिसत होता, नखंसुद्धा मोजता आली असती.

"किती?" बाबांनी विचारलं.

"कोपर," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे करून माझी बाही चाचपली. ती पार खांद्यापर्यंत भिजली होती. ओल्या कडेवर त्यांचं बोट थांबलं.

"आता शिकलीस," बाबा म्हणाले.